काळ्या लोकरीतला काळा रंग

दख्खनी मेंढीची लोकर आता भादरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाही. माझे मामा भूम तालुक्यात मेंढरं राखतात. वर्षातून दोनदा त्यांच्याकडे मेंढरं भादरली जातात आणि दर वेळी या लोकरीचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो. एका मेंढीची वर्षभराची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. तीही राठ, केसाळ. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीच्या धाग्याच्या दुपटीहून जाड. पूर्वी सणगर दारात यायचे, लोकर घेऊन जायचे, तिची घोंगडी व्हायची. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची मऊ घोंगडी असेल तर तिला वेगळा मान. आता सणगरांची पोरं पुण्याला कंपनीत आहेत. आसपासच्या काही जणांनी माडग्याळ जातीचे मेंढे आणले. त्या जातीला लोकर नसल्यातच जमा, पण वजन लवकर भरतं. मग उरलेल्या दख्खनी मेंढरांची लोकर बांधाला टाकून देतात.

"पांढरी असती तर कुणीतरी नेली असती," मामा म्हणतात. "काळीवर रंग चढत नाही, बाई. काळं ते काळंच."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, धाराशिव जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. मामांच्या या वाक्याकडे मी सुरुवातीला व्यापाराची अडचण म्हणूनच पाहिलं. पण ज्या गोष्टीपायी ही लोकर नाकारली जाते, तीच गोष्ट जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत जंतुरोधक पदार्थ म्हणून तपासली जात आहे, हे वाचत गेल्यावर मला गप्प बसवेना. काळ्या रंगाने जंतू मरतात असा सरधोपट दावा मला करायचा नाही. तसा दावा आजकाल फार लवकर केला जातो आणि त्यानेच या विषयाचं नुकसान होतं. मला जे म्हणायचं आहे ते थोडं आडवळणाने येतं, म्हणून आधी रंगाबद्दल.

केसांचा काळा रंग म्हणजे मेलॅनिन. आपल्या डोक्यावरचे केस, काळी म्हैस, उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं, आणि ती बहुतेक काळीच असते), दख्खनी मेंढी, सगळीकडे हेच रंगद्रव्य. केसाच्या मुळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरोसिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्या हे रंगद्रव्य बनवतात आणि बारीक दाण्यांत भरून केसाच्या वाढत्या पेशींना देतात. दाणा साधारण एक मायक्रॉन लांबीचा किंवा त्याहून लहान. या प्रक्रियेत सिस्टीन हे गंधकाचं अमिनो आम्ल शिरलं की काळ्याऐवजी तांबूस-पिवळसर फिओमेलॅनिन तयार होतं. तांबड्या केसांत त्याचा वाटा मोठा असतो. काळ्या-तपकिरी प्रकाराला युमेलॅनिन म्हणतात आणि माझं सगळं लक्ष त्याच्यावर आहे.

युमेलॅनिन हा हट्टी पदार्थ आहे. पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलात नाही, क्लोरोफॉर्ममध्ये नाही, सौम्य आम्लात नाही. प्रथिन नसल्यामुळे प्रथिनं पचवणारी विकरं त्याला हात लावू शकत नाहीत. प्रकाश मात्र तो भरपूर पितो, अतिनीलपासून दृश्य प्रकाशापर्यंत सगळा, आणि प्यायलेला जवळजवळ सगळा प्रकाश उष्णतेत बदलतो. धातूंचे आयन दिसले की धरून ठेवतो: लोह, तांबं, जस्त, चांदी. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता जंतूंचा संबंध. २००१ मध्ये जेम्स मॅकिंटॉश या ऑस्ट्रेलियन संशोधकाने एक कल्पना मांडली. काळ्या त्वचेचं काम फक्त उन्हापासून रक्षण करणं एवढंच नसावं. दमट, उष्ण प्रदेशात जंतू आणि बुरशी यांना रोखणं हेही मेलॅनिनचं काम असावं. कल्पनेला आधार होता. कीटकांच्या शरीरात परजीवी शिरला की त्याच्याभोवती मेलॅनिनचं काळं कवच तयार होतं आणि तो आत कोंडला जातो. हे कवच घडत असताना क्विनोनसारखे जे मधले पदार्थ निर्माण होतात ते जंतूंना घातक असतात. म्हणजे कीटकाच्या प्रतिकारशक्तीचा मेलॅनिन हा खरोखरच भाग आहे.

दुसरा आधार पक्ष्यांच्या पिसांतून आला आणि मला तो फार आवडतो, कारण त्यातला जीव माझ्या ओळखीचा आहे. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हा मातीत राहणारा जिवाणू पीस खातो. पिसातलं, आणि केसातलंही, केराटिन हे सहजासहजी न पचणारं प्रथिन त्याला पचवता येतं. अमेरिकेत ओहायो वेस्लियन विद्यापीठातल्या एडवर्ड बर्ट, जॅन इचिडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळी आणि पांढरी पिसं या जिवाणूपुढे ठेवली. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की पांढरी पिसं लवकर कुजली, काळी उशिरा. नंतर इतरांनी केलेल्या अशाच प्रयोगांत मात्र चित्र इतकं स्वच्छ राहिलं नाही. काळं पीस उशिरा कुजतं ते मेलॅनिन जिवाणूला मारतं म्हणून, की मेलॅनिनमुळे पीस जाड आणि कणखर होतं म्हणून? कणखर भाकरी सावकाश खाल्ली जाते म्हणून ती विषारी ठरत नाही.

उलट दिशेचा पुरावाही समोर ठेवायला हवा. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही माणसाला मेंदूज्वर करणारी बुरशी स्वतःच्या भिंतीत मेलॅनिन भरते आणि त्याच्या आडोशाने आपल्या पांढऱ्या पेशींच्या माऱ्यातून वाचते. मेलॅनिन हे सरसकट जंतूंचं विष असतं, तर रोगजंतूने ते अंगावर वागवलं नसतं. तयार झालेलं, थंड झालेलं, दाण्यात बसलेलं मेलॅनिन बऱ्यापैकी शांत असतं. घातक असतात ते त्याच्या घडणीतले मधले टप्पे, त्याने धरलेले धातू आणि त्याच्यावर पडणारा तीव्र प्रकाश. हा फरक ज्याने मनात ठेवला त्याचे प्रयोग बरे होतात, असं माझं मत आहे.

मध्यंतरी एका चर्चासत्रात भित्तिपत्रकं पाहत फिरत होते. प्राण्यांच्या केसांतून काढलेल्या मेलॅनिनचं एक होतं. आगर बशीत (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीत) भोकं पाडून त्यात मेलॅनिनचं द्रावण भरलेलं, भोवती जिवाणू न वाढलेलं सुंदर गोल वर्तुळ, मिलिमीटरमध्ये मोजमाप. मुलं मनापासून समजावून सांगत होती. मी विचारलं, मेलॅनिन कशात विरघळवलं? कॉस्टिक सोड्यात. आणि नुसता तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा शेजारच्या भोकात भरून पाहिला का? नव्हता पाहिला. मुलांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कॉस्टिक सोडा स्वतःच जिवाणू मारतो. ते वर्तुळ मेलॅनिनचं की सोड्याचं, हे त्या बशीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

याच्या उलटही घडतं. द्रावण उदासीन केलं की मेलॅनिन खाली बसतं, आणि जो पदार्थ पाण्यात विरघळत नाही तो आगरमधून पसरणार कसा? वर्तुळ दिसत नाही म्हणजे पदार्थ निकामी, असंही म्हणता येत नाही. पसरणाऱ्या औषधासाठी बनवलेली चाचणी न पसरणाऱ्या कणाला लावायची, हाच मुळात चुकीचा सामना. अशा पदार्थाला जिवाणूंच्या संपर्कात ठरावीक वेळ घुसळायचं आणि नंतर किती जिवाणू जिवंत राहिले ते वसाहती मोजून बघायचं, हा सरळ मार्ग आहे. कापडासाठी तर एएटीसीसी १०० नावाची प्रमाण पद्धतच आहे, त्यातही अखेर जिवंत जिवाणूच मोजतात. कंटाळवाणं काम आहे. एकामागून एक पातळ द्रावणं करा, बशा ओता, दुसऱ्या दिवशी वसाहती मोजा. पण यातून मिळणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

आता केसातून रंग काढण्याविषयी, कारण मला पत्रं येतात ती बहुतेक याच प्रश्नाची. काळी लोकर कॉस्टिक सोड्यात उकळली की केराटिन विरघळतं, मेलॅनिनही बरंचसं विरघळतं, काळाकुट्ट रस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालत गेलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, कारण केराटिनमध्ये गंधक भरपूर. (हे धुराड्याखालीच करायचं, हायड्रोजन सल्फाईड विषारी आहे.) खाली काळा साका बसतो. अनेक जण त्यालाच मेलॅनिन समजून वाळवतात. पण आम्लात केराटिनचे तुकडेही खाली बसतात, त्यामुळे त्या साक्यात रंगापेक्षा प्रथिनच जास्त असण्याची शक्यता. ते काढायला तीव्र आम्लात बराच वेळ उकळावं लागतं, मग पाण्याने, अल्कोहोलने धुवायचं. एवढं करून हाती येतं ते थोडं; केसांच्या वजनात मेलॅनिनचा वाटा साधारण तीन टक्क्यांच्या आतच असतो. शिवाय या उकळण्यात मेलॅनिनच्या रेणूवरचे कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साईड होऊन निघून जातात, दाण्याचा आकारही मोडतो. म्हणजे धातू धरणारे हात आपणच छाटायचे आणि मग तो काय धरतो ते पाहायचं.

विकरांचा रस्ता हळुवार आहे. आधी केराटिनमधले गंधकाचे दुवे सोडवायचे, मग प्रथिन पचवणारं विकर घालायचं. पपईच्या चिकातलं पपेनही चालतं. प्रथिन विरघळून जातं, मेलॅनिनचे दाणे जवळजवळ जसेच्या तसे खाली राहतात. पिसं खाणारा तो बॅसिलसही इथे कामाचा आहे, कोंबड्यांच्या शेडमागच्या मातीत तो आणि त्याचे भाऊबंद सापडतात. आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की पलीकडे लोणारच्या सरोवरातल्या अल्कधर्मी पाण्यात तीव्र सोड्यातही काम करणारी विकरं बनवणारे जिवाणू आहेत, त्यांच्यावर बरंच काम झालं आहे, ते वाचा. केस सोलणारं जैविक हत्यार शोधायला परदेशी बाटली मागवण्याची गरज नाही.

पण हे सगळं केल्यावर मला एक गोष्ट पटत गेली: रंग बाहेर काढायचा आटापिटाच कशाला?

हा विचार मला गिरणीवाल्यांच्या एका जुन्या पद्धतीने सुचवला. काळ्या किंवा तपकिरी लोकरीला पांढरं करायचं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करतात. नुसत्या पेरॉक्साइडने मेलॅनिन पूर्ण जाईपर्यंत लोकरीचंच वाटोळं होतं. म्हणून ते आधी लोकर फेरस सल्फेटच्या पाण्यात भिजवतात. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. त्यातलं लोह धाग्यात शिरतं आणि मेलॅनिनच्या दाण्यांवर जाऊन घट्ट बसतं. मग लोकर खळखळून धुतात. प्रथिनावर सैल बसलेलं लोह निघून जातं, मेलॅनिनवरचं राहतं. नंतर पेरॉक्साइड घातलं की जिथे लोह आहे तिथेच त्याची तीव्र अभिक्रिया होते आणि काळे दाणे जळून जातात, बाकीचा धागा बराचसा वाचतो.

हे वाचलं तेव्हा मी उठून वऱ्हांड्यात फेऱ्या मारल्या. वस्त्रोद्योगाला अनेक वर्षांपासून माहीत आहे की धाग्याच्या आतलं मेलॅनिन, धागा न तोडता, धातू धरतं आणि धुतल्यावरही सोडत नाही. हा गुण त्यांनी काळेपणा मारायला वापरला. तोच गुण जंतू रोखायला वापरता येईल का? हिराकसाच्या जागी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घ्यायचा. तांबं हे जंतूंचा जुना वैरी आहे, द्राक्षांच्या बागेवर बोर्डो मिश्रणात आपण तेच फवारतो. आणि मेंढपाळाला मोरचूद ओळखून दाखवावा लागत नाही. पावसाळ्यात मेंढरांची खुरं सडायला लागली की मामा उथळ टाक्यात मोरचुदाचं पाणी करून सगळा कळप त्यातून चालवतात.

चांदीचा पर्यायही आहे आणि जगात त्याच्यावर जास्त काम झालं आहे. मेलॅनिनवरचे कॅटेकॉल गट चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात, त्यातून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तिथेच चिकटून राहतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेसरस्मिथ यांच्या गटाने शिंपल्यांच्या चिकटपणावरून सुचलेला पॉलिडोपामिन हा मेलॅनिनसारखाच कृत्रिम थर जवळपास कुठल्याही पृष्ठभागावर चढवून दाखवला. त्यानंतर अशा थरांवर चांदी बसवून जंतुरोधक नळ्या, पट्ट्या करण्याचे असंख्य प्रयोग झाले. त्यात महागडं डोपामिन वापरतात. आमच्या बांधावर त्याचाच नैसर्गिक भाऊ कुजत पडलाय. तरीही मी चांदीकडे वळले नाही. एक तर किंमत. दुसरं, चांदी धुण्याच्या पाण्यातून ओढ्यात गेली तर तिथल्या उपयोगी जिवाणूंनाही मारणार. प्रकाशाचाही रस्ता आहे: मेलॅनिनवर ८०८ नॅनोमीटरचा लेझर टाकून त्याच्या उष्णतेने जिवाणू भाजायचे. जखमेवर लावायच्या मलमपट्टीसाठी त्यावर गंभीर काम चालू आहे. ते मोठ्या प्रयोगशाळांनी करावं.

आमच्या प्रयोगाची मांडणी साधी आहे. लोकर साबणाच्या कोमट पाण्याने, नंतर अल्कोहोलने धुऊन तिची चरबी काढायची. चरबी राहिली तर काहीच आत जात नाही. मग चार गट: साधी पांढरी, साधी काळी, मोरचूद दिलेली पांढरी, मोरचूद दिलेली काळी. प्रत्येकीला स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय या दोन जिवाणूंबरोबर घुसळायचं आणि वसाहती मोजायच्या. पांढऱ्या लोकरीचा गट सगळ्यांत महत्त्वाचा, कारण केराटिन स्वतःसुद्धा तांबं धरतं. मोरचूद दिलेल्या काळ्या लोकरीने जिवाणू कमी केले, एवढ्यावरून मेलॅनिनचं श्रेय सिद्ध होत नाही. पांढरीपेक्षा तिने जास्त काही केलं तरच होईल.

साधी काळी आणि साधी पांढरी यांच्यात आम्हाला काहीही फरक दिसला नाही. दोन्हींच्या बशा सारख्याच भरल्या. मला ते अपेक्षितच होतं. मेलॅनिनचे दाणे धाग्याच्या आत असतात, वर खवल्यांचं आवरण, आणि जिवाणू त्या आवरणावर. दोघांची गाठच पडत नाही. पण हे मला माझ्या आज्जीला सांगायचं होतं. काळ्या घोंगडीवर कीड-मुंगी चढत नाही, बाळंतिणीला काळीच घोंगडी द्यावी, तिने दुखणं येत नाही, ही तिची पक्की श्रद्धा. मी तिच्या शेजारी बसून समजावलं की काळ्या रंगाने जंतू मरत नाहीत.

"मंग घोंगडीला वास कसा येत न्हाई? तुमच्या त्या मऊ ब्लँकेटला चार रोजांत येतोय," ती म्हणाली.

तिचं निरीक्षण बरोबर आहे. पॉलिएस्टरपेक्षा लोकरीच्या कपड्याला घामाचा वास कमी राहतो, हे तपासलं गेलेलं आहे. पण तो लोकरीचा गुण, पांढरी असो की काळी. लोकर ओल आणि वासाचे रेणू आत शोषून धरते. आज्जीला हे मान्य झालं नाही आणि मी तिथे थांबले. घोंगडी उबदार आहे, टिकाऊ आहे, पाऊस थोपवते, एवढं पुरे आहे. तिच्या नावावर खोटी औषधं विकणाऱ्यांना माझा विरोध आहे. सध्या काही जण आजार घालवणारी घोंगडी म्हणून दसपट किमतीला विकतात. त्या पैशातला रुपयाही मेंढपाळाच्या हाती येत नाही.

मोरचूद दिलेल्या दोन्ही लोकरींवर जिवाणू एकदम कमी झाले. तेही अपेक्षित. खरा सवाल आता आहे: वारंवार धुतल्यावर कोणतं तांबं टिकतं? धुण्याचं पाणी घेऊन त्यात अमोनिया टाकला की तांबं असेल तर गडद निळा रंग येतो आणि तो कलरीमीटरवर मोजता येतो. आमच्याकडे याहून बारीक मोजणारं यंत्र नाही, म्हणून अगदी थोडं तांबं आमच्या नजरेतून सुटतं. त्यासाठी नमुने बाहेर पाठवावे लागतील. हे काम चालू आहे आणि निकाल काळ्या लोकरीच्या विरुद्ध गेला तरी मी इथेच लिहीन.

काळीने जास्त धरलं तर उपयोग कुठे? माझ्या मनात मोठं काही नाही. दुभत्या जनावराची कास पुसायचं फडकं. धार काढताना एकच ओलं फडकं साऱ्या गोठ्यात फिरतं, आणि दगडी, म्हणजे कासदाह, पसरवणाऱ्यांत तेच स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय पुढे असतात. लोकरीचं नमदं करून त्याचे तुकडे प्रत्येक गाईला वेगळे वापरता येतील. लातूर-उदगीरकडे देवणी गाई, नांदेड-कंधारकडे लाल कंधारी. परभणीत आणि उदगीरमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तपासणीला लागणारं सगळं आपल्याच मुलखात आहे. फक्त एक इशारा: मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. इतर जनावरं सहन करतील तेवढ्या तांब्याने मेंढी कावीळ होऊन मरते. म्हणून अशी लोकर मेंढरांच्या बसण्याच्या जागी अंथरायची नाही, त्यांच्या तोंडाला लागेल अशी ठेवायची नाही. ज्या मेंढीची लोकर, तिलाच तिचा धोका, हे विसरून चालणार नाही.

आणि कच्च्या केसांना हात लावण्याआधीची गोष्ट, जी कुठल्याच कृतीत लिहिलेली सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये लोकर निवडणारे कामगार अचानक ताप येऊन, श्वास कोंडून दोन-चार दिवसांत मरत. जॉन हेन्री बेल या तिथल्या डॉक्टरने १८८० च्या सुमारास दाखवून दिलं की बाहेरून आलेल्या लोकरीतून आणि केसांतून येणारा तो अँथ्रॅक्स आहे, आपल्याकडची काळपुळी. तिचे बीजाणू केसांत, मातीत कितीतरी वर्षं तग धरतात. जंतुरोधक पदार्थ शोधायला निघालेल्या मुलीच्या नाकात बीजाणू जावेत, यापेक्षा वाईट काय? म्हणून आमच्याकडे कच्ची लोकर मोकळी उघडत नाहीत. पिशवीसकट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १५ पौंड दाबावर, १२१ अंश सेल्सिअसला, आणि मगच टेबलावर. उष्णतेने लोकर थोडी पिवळते, धागा थोडा कमजोर होतो. चालेल. चारही गटांना तीच वागणूक दिली की तुलना बिघडत नाही.

मामांना मी हे सगळं बांधावर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मेंढरांकडे पाहत. मग म्हणाले, "किलोला काय देणार मग?" मी म्हटलं, अजून काहीच नाही, मामा. ते म्हणाले, "मंग सांग तवा सांग. लोकर कुटं पळून जाईना." आणि जाताना बांड्या मेंढीची लोकर वेगळी बांधून दिली, काळी एका गाठोड्यात, पांढरी दुसऱ्यात. ते मी मागितलंही नव्हतं. पण माझ्या प्रयोगाला याहून चांगला नमुना मिळाला नसता. एकाच जनावराच्या अंगावरची काळी आणि पांढरी लोकर: चारा तोच, वय तेच, पाणी तेच. फरक जवळजवळ रंगाचाच.

म्हणून मराठवाड्यातल्या वाचकांपैकी कुणाकडे बांडी मेंढरं किंवा बांड्या शेळ्या असतील, तर माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुमारास भादराल तेव्हा काळे आणि पांढरे केस वेगळे ठेवा. मूठभर पुरे. धुवू नका, साबण लावू नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत बांधा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. जिवंत, धडधाकट जनावराचेच केस घ्या. एकाएकी मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराला हात लावू नका आणि त्याचं कातडंही काढू नका, आधी पशुवैद्यकाला कळवा. पिशवीवर गावाचं नाव, जनावराचं वय आणि गोचिडाचं औषध शेवटचं कधी मारलं ते लिहा. औषध ताजं असेल तर ती लोकर मला प्रयोगात घेता येणार नाही.